पोर्शे ९१४ मध्ये माझदाचं रोटरी इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं चार सिलिंडरच्या ९१४ साठी (सीटच्या मागे, गाडीच्या मध्यावर एअर-कूल्ड इंजिन असलेली पोर्शे) आणि माझदाच्या दोन रोटरच्या १२ए आणि १३बी इंजिनांसाठी आहेत. रोटरी म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन. सहा सिलिंडरची ९१४/६ हाताशी असेल तर ती कापू नका. तशा गाड्या साधारण ३३०० च बनल्या.

मुळात हे करावं का?

१.७ लिटरच्या मूळ इंजिनाची ताकद ८० हॉर्सपॉवर, सहा सिलिंडरवाल्या मॉडेलची ११०. टर्बो नसलेलं १३बी कारखान्यातून निघताना १३५ ते १६० देतं, तेही हाताने ढकलता येईल एवढ्या आकारात. पण फक्त ताकद हवी असेल तर मूळ एअर-कूल्ड इंजिनच मोठं करून घेणं कमी कटकटीचं. रोटरी त्याने घ्यावं, ज्याला वर वर चढत जाणारं, थरथर नसलेलं इंजिन हवं आहे आणि जो एअर-कूल्ड गाडीत पाण्याची पूर्ण यंत्रणा नव्याने उभी करायला तयार आहे. इंजिन जागेवर टांगायला दोन शनिवार-रविवार पुरतात. खरं काम त्याची उष्णता गाडीबाहेर काढण्याचं आहे, आणि अर्धवट सोडलेले बहुतेक प्रकल्प तिथेच अडतात.

फिरण्याची दिशा जुळते का? पाच गिअर रिव्हर्सचे तर होणार नाहीत?

नाही. पुलीच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही इंजिनं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. मूळ इंजिनासारखीच पुली केबिनच्या भिंतीकडे आणि फ्लायव्हील मागे गिअरबॉक्सकडे ठेवली की डिफरन्शियलला हात लावावा लागत नाही.

१२ए घ्यावं की १३बी?

१२ए म्हणजे ११४६ सीसी, रोटरची जाडी ७० मिमी. डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर आणि मोजून दहा-बारा वायरी. पहिल्यांदाच रोटरीला हात लावणाऱ्याने हेच घ्यावं. ताकद साधारण १०० हॉर्सपॉवर.

१३बी मध्ये रोटर ८० मिमी जाड, क्षमता १३०८ सीसी. माझदाच्या दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ गाडीतलं टर्बो नसलेलं इंजिन (१९८६ ते ८८ मध्ये १४६, १९८९ ते ९१ मध्ये १६० हॉर्सपॉवर) या गाडीला सगळ्यात जास्त शोभतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: ही सहा पोर्टची (हवा आत घेणाऱ्या भोकांची) इंजिनं आहेत. वरच्या आरपीएमला जादा पोर्ट उघडणाऱ्या स्लीव्ह (फिरत्या नळ्या) आधीच्या इंजिनात एक्झॉस्टच्या दाबावर चालतात, नंतरच्या इंजिनात एअर पंपाच्या हवेवर. मोकळा एक्झॉस्ट लावला किंवा एअर पंप काढून टाकला की स्लीव्ह बंदच राहतात आणि इंजिन वर गेल्यावर बसतं. मग लोक जेटिंगमध्ये (इंधनाच्या मापात) दोष शोधत राहतात. स्लीव्ह हलवायची वेगळी सोय करा.

टर्बो १३बी (१८२ ते २०० हॉर्सपॉवर) आणि तिसऱ्या पिढीचं २५५ हॉर्सपॉवरचं जुळ्या टर्बोचं इंजिन बसतं, पण इंजिनच्या खोलीतली उष्णता दुप्पट वाटावी अशी वाढते आणि मूळ गिअरबॉक्सला ते झेपत नाही. पहिल्या फेरीत नको. आरएक्स-८ च्या रेनेसिस या रोटरी इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या हाउसिंगमध्ये आहेत आणि थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. त्याला त्याचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा पूर्ण प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू लागतो.

जुनं इंजिन घेताना तपासायचं कसं?

साधा कॉम्प्रेशन गेज इथे फसवतो. रोटरला तीन बाजू असतात आणि गेजमधला व्हॉल्व्ह त्यातल्या सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतो. दोन बाजू मेलेल्या असल्या तरी सुई छानच दाखवते. तो व्हॉल्व्ह काढा, गेज खालच्या प्लगच्या भोकात लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन आणि इग्निशन बंद करून स्टार्टर मारा आणि सुईकडे बघा. टप-टप-टप अशा तीन सारख्या उड्या हव्यात. एक मोठी आणि दोन तोकड्या पडल्या तर एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) किंवा कोपऱ्याचं सील गेलं. तिन्ही उड्या सारख्याच तोकड्या असतील तर साइड सील (रोटरच्या सपाट बाजूवरची पट्टी) किंवा एकूणच झीज.

आकडे हवे असतील तर रोटरीचा खास टेस्टर लागतो. २५० आरपीएमला, गरम इंजिनावर, ६ किलो प्रति चौ. सेंमीच्या खाली कुठलीही बाजू गेली तर इंजिन उघडायचं. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दीडपेक्षा जास्त आणि दोन रोटरमध्ये एकपेक्षा जास्त फरक चालत नाही.

त्यानंतर कूलंटच्या जागेत ०.९ बार हवा भरून रात्रभर ठेवा. दाब उतरला आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर पाण्याचं सील आतून फुटलंय. असं इंजिन स्वस्तात मिळालं तर घ्यायला हरकत नाही, पण ते पूर्ण उघडावं लागणार हे धरूनच.

गाडीत आधी काय बघायचं?

उजव्या मागच्या कोपऱ्यातली बॅटरीची ताटली. बॅटरीचं आम्ल आणि जाळीतून येणारं पावसाचं पाणी वर्षानुवर्षं तिथून खाली झिरपतं आणि खालचा उजवा साइड मेंबर (गाडीचा भार पेलणारा लांब पोकळ पत्रा) आणि सस्पेन्शनचा कन्सोल आतून खातं. वरून रंग शाबूत दिसतो. टोचा घेऊन दाबून बघा, जॅक लावून दरवाजाची फट बदलते का ते बघा. हा पत्रा आधी दुरुस्त करायचा, इंजिन नंतर. उलट क्रमाने केलं तर सगळं परत उतरवावं लागतं.

अडॅप्टर प्लेट, फ्लायव्हील, क्लच?

अडॅप्टर प्लेट (माझदाचं इंजिन पोर्शेच्या गिअरबॉक्सला जोडणारी जाड पट्टी) तयार मिळते, ती घ्या. घरच्या घरी बनवायची असेल तर शाफ्टचं केंद्र आणि गिअरबॉक्सचं केंद्र जुळलंय हे मोजून सिद्ध करावं लागतं: डायल गेज फ्लायव्हीलवर बसवा, सुई बेल हाउसिंगच्या भोकाच्या कडेवर टेकवा आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. एकूण फरक ०.१ मिमीच्या आसपास हवा. जास्त असेल तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग गुणगुणायला लागतं आणि क्लच प्लेटचा मधला भाग फाटतो.

रोटरीच्या फ्लायव्हीलबाबत एक सापळा आहे. मॅन्युअल गाडीच्या मूळ फ्लायव्हीलमध्येच मागचा बॅलन्स वेट ओतलेला असतो. अडॅप्टरसोबतचं किंवा हलकं फ्लायव्हील सपाट असतं, त्यामुळे मागे वेगळा काउंटरवेट लावावा लागतो. तो ऑटोमॅटिक गाडीच्या इंजिनातून मिळतो आणि त्याच वर्षांच्या रोटरचा असावा लागतो, कारण १२ए, १९८६ ते ८८ चं १३बी आणि १९८९ ते ९१ चं १३बी यांच्या रोटरचं वजन वेगवेगळं आहे. चुकीचा काउंटरवेट लावला तर इंजिन चालतं, पण ४००० च्या वर आरसे थरथरतात आणि बेअरिंग खातं.

फ्लायव्हीलचा नट ५४ मिमीचा आहे आणि ४०० ते ४९० न्यूटन-मीटरला आवळायचा. धागे साफ करून लॉकिंग कंपाउंड लावा. पायलट बेअरिंग पोर्शेच्या इनपुट शाफ्टच्या टोकाला बसणारंच हवं.

पुढची पुली बदलताना काही जपायचं का?

हो, आणि हे जवळपास कोणी सांगत नाही. पुढचा मोठा बोल्ट सोडला की एक्सेंट्रिक शाफ्ट (रोटरीचा क्रँकशाफ्ट) मागे सरकू शकतो. तो सरकला की आतलं सुयांचं थ्रस्ट बेअरिंग आपल्या जागेवरून खाली घसरतं. मग बोल्ट आवळताना बेअरिंग प्लेटमध्ये चिमटतं आणि इंजिन जड फिरतं किंवा अजिबात फिरत नाही. बोल्ट सोडताना कोणाला तरी फ्लायव्हील पुढे ढकलून धरायला सांगा. परत आवळल्यावर एंड प्ले (शाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल) मोजा: ०.०४ ते ०.०७ मिमी. शून्य आलं तर बेअरिंग चिमटलंय, स्टार्टर मारू नका.

इंजिन टांगायचं कशावर?

मागे गिअरबॉक्सचे मूळ माउंट तसेच राहतात, पुढे मूळ आडव्या बारच्या बोल्टवर नवी बार बनते. रोटरी म्हणजे लांब टेन्शन बोल्टांनी एकत्र दाबलेली चळत आहे. ब्रॅकेट बसवायला त्यातला एकही बोल्ट सैल करू नका, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रोटर हाउसिंगवर भार टाकू नका. बार वेल्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा: वॉटर पंपाची पुली आणि मागची भिंत यांत बेल्ट बदलायला जागा आहे का, ऑइल पॅन आडव्या बारच्या किती खाली येतो, आणि गिअरचा रॉड पॅनला किंवा एक्झॉस्टला घासतो का. १९७२ पर्यंतच्या गाड्यांत हा रॉड गिअरबॉक्सच्या शेपटीपर्यंत जातो, १९७३ पासून बाजूने जोडला जातो. नवा प्रकार बराच नेमका. जमलं तर तोच गिअरबॉक्स घ्या.

इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही गाडीच्या उजव्या बाजूला येतात, प्लग डावीकडे. उजवीकडेच बॅटरी आणि १९७४ पर्यंतच्या गाड्यांत इंधनाचा पंप. दोन्ही पुढे हलवा. यात पर्याय नाही.

स्टार्टर कोणता?

पोर्शेच्या बेल हाउसिंगवरचाच. फ्लायव्हीलचा रिंग गिअर त्याला जुळणारा हवा. बॅटरी पुढे गेल्यामुळे केबल ३५ चौ. मिमीपेक्षा बारीक नको, शक्यतो ५०. मंद फिरणारा स्टार्टर रोटरीला पेट्रोलने भिजवून ठेवतो.

रेडिएटर कुठे आणि केवढा?

पुढच्या डिकीत, नाकाच्या मागे, वरची कड पुढे झुकवून. स्टेपनीची जागा जाते. दोन पासचा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर आणि पूर्ण आच्छादनासह पंखे लावा. पण मापापेक्षा हवेची वाट महत्त्वाची. पुढून आत आलेली हवा रेडिएटरला वळसा घालून जाऊ शकत असेल तर ती जाणारच. म्हणून पुढच्या तोंडापासून रेडिएटरच्या चौकटीपर्यंत पत्र्याचा डक्ट करा आणि कडांना रबर लावा. बोट जाईल एवढीही फट ठेवू नका.

गरम हवा बाहेर काढायला दोन मार्ग आहेत: डिकीच्या तळातून खाली किंवा बाजूच्या भिंतींतून चाकांच्या कमानीत. आमचा कल कमानीकडे. तळातून सोडलेली हवा वेगात गाडीचं नाक उचलते आणि तळाचा पत्रा कापल्याने पुढचा भाग मऊ होतो. भोकांचं एकूण क्षेत्रफळ आत येणाऱ्या तोंडापेक्षा जास्त ठेवा आणि कापलेल्या कडेला पट्टी वेल्ड करा. पेट्रोलची टाकी रेडिएटरच्या मागेच आहे. मध्ये पत्र्याची भिंत हवीच, नाहीतर डिकीत कोंडलेली हवा टाकी तापवते आणि गरम दिवशी पंप वाफेवर चालतो.

पाइप ३२ ते ३८ मिमी आतल्या व्यासाचे, अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टेनलेस. जमिनीखालून, साइड मेंबरच्या आतल्या कडेने, जॅकच्या जागा टाळून न्या. मधल्या बोगद्यातून नेलेत तर केबिनची भट्टी होते. पाइपाच्या टोकांना गाठ उमटवून घ्या, नाहीतर होस दाबाखाली सटकतो. ३२ मिमीचे सहा मीटर पाइप म्हणजे त्यातच जवळपास ५ लिटर कूलंट आलं.

हवा निघतच नाही. काय करायचं?

इंजिन मागे, रेडिएटर पुढे आणि मध्ये जमिनीलगत पाइप, म्हणजे दोन उंचवटे आणि मध्ये दरी. दोन्ही उंचवट्यांवर हवेला वाट हवी. हेडर टँक (कूलंट भरायची टाकी) इंजिनच्या खोलीत सगळ्यात उंच जागी ठेवा, ०.९ बारचं झाकण त्यावरच. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात ब्लीड स्क्रू द्या. गाडीची मागची बाजू खाली आणि नाक वर करून भरायला बसलात तर हवा रेडिएटरमध्येच जमते आणि त्या स्क्रूतून निघते. स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की बंद करा, गाडी सपाट करा, हीटरचा व्हॉल्व्ह उघडा आणि टँकमधून उरलेलं भरा.

थर्मोस्टॅट काढून टाकला तर गार राहील ना?

उलट जास्त तापेल. थर्मोस्टॅट उघडताना त्याची खालची चकती बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतो. ८२ अंशांचा, खाली चकती असलेला मूळ प्रकारचाच थर्मोस्टॅट लावा.

ऑइल कूलर खरंच लागतो?

लागतो, आणि मोठा. रोटर आतून ऑइलच्या फवाऱ्याने गार होतात. इंजिनातून काढायच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग ऑइल वाहून नेतं. पिस्टन इंजिनचा छोटा कूलर इथे शोभेची वस्तू. दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ चा मूळ कूलर पुढे बसवायचा आणि १६ मिमी आतल्या व्यासाचे होस मागे न्यायचे, ही सर्वात खात्रीची पद्धत. मागच्या चाकाच्या कमानीत पंख्यासह कूलर रस्त्यावर चालतो, ट्रॅकवर नाही.

मूळ इंजिनचा पंखा वरच्या जाळीतून हवा ओढत असे. तो गेला की इंजिनच्या खोलीतली हवा थिजून बसते, आणि इग्निशन कॉइल आणि अल्टरनेटर भाजून निघतात. मागच्या बाजूला एक पंखा इंजिन बंद झाल्यावरही पाच मिनिटं चालेल असा टायमरवर लावा.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं का?

मीटरिंग पंप (सीलना थोडं थोडं ऑइल पुरवणारा) काढला असेल तर मिसळायलाच हवं: लिटरला १० मिलि चांगलं टू-स्ट्रोक ऑइल. ९१४ ची टाकी ६२ लिटरची, म्हणजे पूर्ण टाकीला ६२० मिलि. पंप चालू असेल तर लिटरला ५ मिलि पुरे. पंप काढायची घाई मात्र करू नका. टाकी भरताना एकदा जरी विसरलात तरी झीज होते ती एपेक्स सीलची.

इंधनाच्या लाइनचं काय?

मधल्या बोगद्यातल्या मूळ प्लास्टिकच्या लाइन आता पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत. त्या बदलून स्टेनलेस टाका, टोकांना इंजेक्शनचाच होस. मूळ पंप साधारण २ बारचा आहे. १३बी च्या इंजेक्शनला तो पुरत नाही, कार्बोरेटरला फारच जास्त होतो. दोन्ही वेळा पंप बदला आणि कार्बोरेटरला रेग्युलेटर लावा. उभा वेबर कार्बोरेटर जाळीच्या झाकणाखाली पाऊस पितो, त्यावर पत्र्याची छत्री हवी.

एक्झॉस्ट वारंवार का फुटतो?

रोटरीचा एक्झॉस्ट ९०० अंशांच्या पुढे जातो. पातळ पाइप, ग्लासवूलचा सायलेन्सर आणि कडक ब्रॅकेट या तिन्ही गोष्टी इथे टिकत नाहीत. मॅनिफोल्ड ३ मिमी जाडीचा, पुढे स्टेनलेस, मध्ये लवचीक जोड, आणि पहिला डबा भरावाशिवायचा. जागा आखूड म्हणून एकच सायलेन्सर लावलात तर तोही जळेल आणि शेजारीही उठतील. दोन डबे आडवे, मागच्या डिकीखाली, आणि डिकीच्या तळाला हवेची फट ठेवून उष्णतारोधक पत्रा.

वायरिंगमध्ये कुठे चुकतं?

प्रत्येक रोटरला दोन प्लग: लीडिंग (आधी पेटणारा) खाली, ट्रेलिंग (नंतर पेटणारा) वर. दुसऱ्या पिढीच्या १३बी ला आयडलवर लीडिंगची ठिणगी टीडीसीनंतर (मिश्रण सर्वात जास्त दाबलं जातं त्या बिंदूनंतर) ५ अंशांवर आणि ट्रेलिंगची २० अंशांवर. पुलीवर पिवळी खूण लीडिंगची, लाल ट्रेलिंगची. वायरी उलट झाल्या तरी इंजिन सुरू होतं, पण दम नसतो आणि एक्झॉस्ट लाल होतो. मूळ टॅकोमीटर बदलू नका: १२ए च्या लीडिंग कॉइलवरून एका फेरीला दोन ठोके मिळतात, चार सिलिंडरच्या इंजिनाइतकेच. पाण्याचा आणि ऑइलचा असे दोन तापमान गेज मात्र वेगळे लावा.

गिअरबॉक्स टिकेल का?

टर्बो नसलेल्या १३बी चा टॉर्क १८० ते १९० न्यूटन-मीटर. जागेवरून क्लच सोडून उडी मारली नाही तर टिकतो. पहिला गिअर सर्वात नाजूक. फायनल ड्राइव्ह ४.४३ आहे आणि तो रोटरीला मानवतो.

ब्रेक?

आधी मूळ ब्रेक पूर्ण दुरुस्त करा. १३० हॉर्सपॉवरच्या पुढे पुढच्या बाजूला ९११ चे स्ट्रट आणि हवेशीर डिस्क घ्या. त्यासोबत पाच बोल्टची चाकं येतात.

पहिल्यांदा सुरू करताना?

प्लग काढून, इंधन बंद ठेवून, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, ऑइलच्या दाबाची सुई हलेपर्यंत. मग प्लग लावा. सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं बराच पांढरा-निळा धूर येतो. जुळणीचं ऑइल जळतं, घाबरू नका. धूर गोडसर वासाचा असेल आणि हेडर टँकमध्ये सलग बुडबुडे येत असतील तर बंद करा: पाण्याचं सील. गरम इंजिनावर ३००० आरपीएमला ऑइलचा दाब ५ किलोच्या आसपास हवा. चालवताना पाणी ८० ते ९५, ऑइल ११० च्या खाली. पाणी ११० ला पोचलं तर पुढच्या वळणापर्यंतसुद्धा नेऊ नका. अ‍ॅल्युमिनियम आणि बीड वेगवेगळे प्रसरण पावतात आणि मधली सील चिरडतात.

गाडी दोन मीटर हलवून बंद केली, आता सुरू होत नाही.

भिजली. पंपाचा फ्यूज काढा, खालचे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण दाबून स्टार्टर मारा, भोकांतून पेट्रोल उडेल. आसपास ठिणगी नको. प्रत्येक रोटरमध्ये ५ मिलि ऑइल सोडा, कोरडे प्लग लावा, फ्यूज बसवा. पुढच्या वेळी थंड इंजिन सुरू केलं की गरम होईपर्यंत बंद करू नका.

मूळ इंजिनाचं काय करायचं?

ठेवा. भोकं बुजवून, आत ऑइल सोडून, झाकून. त्याच्या भोवतीचे हवा वळवणारे पत्रे वेगळे बांधून खूण करून ठेवा. इंजिन पुन्हा मिळेल, ते पत्रे वाकलेले नसलेले मिळणं कठीण.